कुणाचं काही राहायला नको

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता, साल २०११. परीक्षेचे फॉर्म भरण्याची शेवटची तारीख जवळ आली होती आणि स्टाफरूमच्या टेबलावर कागदांचा ढीग पडला होता. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. घरी कन्नड, गल्लीत मराठी, रविवारी चर्चमध्ये दोन्ही, असे तिचे घर. इतिहासाच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारी, फारसे न बोलणारी मुलगी.

“मॅडम, एक विचारू? फॉर्म भरायचा की नको, ते कळंना झालंय.”

“का गं? काय झालं?”

ती जरा घुटमळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आई म्हणते, एकवीस तारखेला सगळं संपणार आहे. मग परीक्षा कुठली, म्हणते. कुणीतरी प्रार्थनेला येताना एक कागद आणला होता, त्यात लिहिलंय. आईनं लोकांची शिवायला आलेली कापडं पण परत करून टाकलीत. लग्नाचे ब्लाऊज होते, मॅडम.”

मला हसू आवरेना. “आणि तुझा विश्वास आहे यावर?”

तिने खांदे उडवले. “यारिग गोत्त री, मॅडम.” कुणाला ठाऊक!

“असं कर,” मी म्हटले, “बावीस तारखेला ये. जग शिल्लक असलं तर फॉर्म भरू.”

मला वाटले, मी फार चतुर उत्तर दिले. ती गेल्यावर मी तोच किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. रंगवून म्हणजे, त्यात माझ्या पदरचीही भर घातली. ‘सगळ्याजणी पांढऱ्या साड्या नेसून गच्चीवर बसणार आहेत म्हणे!’ हे ती बोलली नव्हती, मीच जोडले होते. सगळे हसले. हसता हसता दाराकडे पाहिले, तर ती तिथे उभी होती. तिची प्लास्टिकची फाईल टेबलावर राहिली होती, ती न्यायला परत आली होती. तिने फाईल उचलली, “येते, मॅडम,” म्हणाली आणि गेली.

बावीस तारीख उजाडली. जग होते तिथेच होते. ती मात्र आली नाही. परीक्षेच्या यादीत तिचे नाव नव्हते. पुढच्या वर्षी वर्गातही नव्हते. चौकशी करावी असे दोन-तीनदा मनात आले, पण लाज वाटली आणि लाजेपोटी मी ते टाळत गेले.

मनात बोच राहिली, की इतिहास शिकवणारा माणूस पुस्तके उघडतो. मीही उघडली. आधी त्या कागदामागचा माणूस शोधला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड येथे ‘फॅमिली रेडिओ’ नावाचे एक ख्रिस्ती प्रसारण केंद्र होते. त्याचे प्रमुख हॅरॉल्ड कॅम्पिंग मूळचे इंजिनियर. बायबलमधल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून त्यांनी शनिवार, २१ मे २०११ ही तारीख काढली होती. त्या दिवशी सायंकाळी सहा वाजता भूकंप सुरू होतील आणि श्रद्धावंत वर उचलले जातील, असे ते सांगत. याआधी त्यांनी सप्टेंबर १९९४ कडे बोट दाखवले होते, तेही फसले होते. तरी या वेळी देशोदेशी फलक लागले, पत्रके वाटली गेली. त्यातलाच एखादा कागद फिरत फिरत बेळगावच्या एका गल्लीत येऊन पोहोचला असावा. २१ मे कोरडा गेल्यावर कॅम्पिंग यांनी २१ ऑक्टोबरची तारीख दिली. तोही दिवस गेला. मार्च २०१२ मध्ये मात्र त्यांनी तारीख सांगण्यात आपल्याकडून पाप घडले, अशी जाहीर कबुली दिली. डिसेंबर २०१३ मध्ये ते वारले.

मग मी बायबल वाचायला घेतले. त्यातले शेवटचे पुस्तक, मराठीत ‘प्रकटीकरण’ आणि कन्नडमध्ये ‘प्रकटने’, म्हणजे जगाच्या अंताचे पंचांगच असेल, अशी माझी समजूत होती. सात शिक्के, सात कर्णे, घोडेस्वार, आगीचे सरोवर हे सगळे त्यात आहे. पण हे पुस्तक लिहिले गेले ते रोमन सत्तेच्या दडपणाखाली जगणाऱ्या आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांसाठी, त्यांचा धीर टिकावा म्हणून. त्यात भीती आहे, आशा आहे. तारीख कुठेच नाही.

शुभवर्तमानात तर येशू शिष्यांना स्पष्टच सांगतो, की त्या दिवसाची वेळ माणसांना माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, ती एका पित्यालाच ठाऊक. वाचता वाचता मी थांबले. ‘यारिग गोत्त री’ म्हणणारी ती मुलगी धर्मग्रंथाच्या किती जवळचे बोलली होती! मी ते अडाणीपणाचे लक्षण समजले होते.

हा न्यायाचा दिवस अचानक येणार, हे सांगण्यासाठी तिथे जे दाखले दिले आहेत ते अगदी घरगुती आहेत. रात्री येणारा चोर आगाऊ निरोप पाठवत नाही. नोहाच्या काळी पूर येईपर्यंत लोकांचे खाणेपिणे, लग्नकार्ये नेहमीसारखी चालली होती. शेतात दोघे काम करत असतील, त्यातला एक नेला जाईल. दोघी जात्यावर दळत असतील, त्यातली एक नेली जाईल आणि दुसरी तिथेच राहील. जात्याच्या दाखल्यापाशी मी पुन्हा थांबले. आपल्या भागात जाते आणि बीसो कल्लु या एकाच दगडाच्या दोन हाका आहेत. एका खुंट्याला दोघींचे हात, एकीची ओवी आणि दुसरीचे पद, असे चित्र आपल्या आज्यांनी जगलेले आहे. त्यातला एक हात मध्येच सुटला तर दुसरीला काय वाटत असेल, हे कुणी समजावून सांगायला नको.

या दाखल्यांतली एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जिला नेले आणि जी राहिली, त्या दोघीही दळतच होत्या. त्यांच्यापैकी कुणीही काम टाकून आभाळाकडे बघत बसलेली नव्हती.

काम टाकून बसणारे लोक पहिल्या पिढीतही निघाले होतेच. ग्रीसमधील थेस्सलनीका गावच्या मंडळीला पौलाने सुमारे इसवी सन ५० च्या सुमारास पत्र लिहिले. ख्रिस्ती साहित्यातल्या सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. प्रभू आज-उद्या येणार या विचाराने ती माणसे अस्वस्थ झाली होती. पौलाच्याच नावावर असलेल्या दुसऱ्या पत्रात तर काही जणांनी हातपाय हलवणे सोडल्याची तक्रार आहे. त्यांना दिलेला सल्ला अगदी आपल्या आजोबांच्या तोंडी शोभेल असा आहे. ज्याला काम करायचे नाही त्याने जेवायलाही बसू नये.

त्यानंतर जवळजवळ अठराशे वर्षांनी याच ओढीतून अमेरिकेत एक मोठी घटना घडली. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन येथला शेतकरी. त्याचा जन्म १७८२ चा. तरुणपणी तो देव मानत असे, पण देव माणसांच्या कारभारात लक्ष घालतो हे मानत नसे. इंग्रजांविरुद्धच्या युद्धात तो कॅप्टन होता. १८१४ ची प्लॅट्सबर्गची लढाई त्याने पाहिली. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेला हरवलेले पाहून त्याला वाटले, यामागे कुणाचा तरी हात असला पाहिजे. १८१६ मध्ये तो पुन्हा श्रद्धेकडे वळला आणि बायबल शब्दन्‌शब्द वाचू लागला.

दानीएलाच्या पुस्तकात २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल, अशा अर्थाचा उल्लेख आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले. जेरुसलेम पुन्हा उभारण्याचा इराणी राजाचा हुकूम इसवी सनापूर्वी ४५७ मध्ये निघाला, तिथून त्याने मोजणी सुरू केली. २३०० मधून ४५७ वजा केले की उरतात १८४३. त्याला खात्री पटली, की ख्रिस्ताचे दुसरे येणे १८४३ च्या सुमारास होणार. हे त्याने अनेक वर्षे स्वतःशीच ठेवले. १८३१ पासून तो बोलू लागला. बोस्टनचे धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स त्याला येऊन मिळाले आणि वर्तमानपत्रे, तक्ते, मोठमोठे तंबू यांमुळे त्याचे म्हणणे गावोगाव गेले. त्यात मार्च १८४३ मध्ये भरदिवसा दिसावा असा तेजस्वी धूमकेतू आकाशात उगवला. घाबरायला आणखी काय हवे?

मार्च १८४३ ते मार्च १८४४ हा मिलरने सांगितलेला अवधी तसाच गेला. मग कुणाच्या लक्षात आले, की इसवी सनापूर्वी १ नंतर एकदम इसवी सन १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे हिशेब एक वर्षाने चुकला. ऑगस्ट १८४४ मध्ये सॅम्युअल स्नो या उपदेशकाने ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा आधार घेऊन नेमकी तारीख मांडली : मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४. मिलर आधी कचरत होता. शेवटी त्यानेही ती मान्य केली. त्या वेळी त्याचे अनुयायी पन्नास हजार ते एक लाख असावेत, असा अंदाज सांगितला जातो.

त्या महिन्यात त्या माणसांनी जे केले ते वाचताना मला शिवणकामाची कापडे परत करणारी ती आई आठवली. कुणी बटाट्याचे पीक शेतातच ठेवले. दुकानदारांनी दुकाने बंद केली. आणि कितीतरी जणांनी जुनी देणी चुकती केली, भांडणे मिटवली, लबाडीने घेतलेले परत केले, ज्यांना दुखावले त्यांच्या दारी जाऊन माफी मागितली. देवासमोर उभे राहायचे तर कुणाचे काही अंगावर नको!

२२ तारखेला घरोघरी आणि सभागृहांतून लोक एकत्र बसले. मध्यरात्र झाली, पहाट झाली. कुणी आले नाही. ती माणसे उजाडेपर्यंत रडली, असे त्यांच्यातल्याच लोकांनी पुढे लिहून ठेवले आहे. इतिहासात या घटनेला ‘महान अपेक्षाभंग’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांना बाजारात जायचे होते, शेजाऱ्याला तोंड दाखवायचे होते. रस्त्यावर पोरे आणि मोठी माणसे त्यांना चिडवत, ‘अजून इथेच का तुम्ही? वर गेला नाहीत?’ काही ठिकाणी त्यांच्या सभागृहांवर जमावांनी हल्लेही केले.

पुढे एक वाक्य वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. मिलरचे लोक वर जाण्यासाठी पांढरे झगे शिवून घालून बसले होते, अशी गोष्ट अमेरिकेत शंभर वर्षे सांगितली गेली. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा तिला भरवशाचा पुरावा मिळाला नाही. झगे त्या माणसांनी शिवले नव्हते. हसणाऱ्यांनीच ते त्यांच्या अंगावर चढवले होते. आणि मी? मी पांढऱ्या साड्या नेसवल्या होत्या.

मिलरने चूक मान्य केली, पण आशा सोडली नाही. त्याने शेताजवळ एक छोटे प्रार्थनाघर बांधले आणि डिसेंबर १८४९ मध्ये तो वारला. निराश झालेल्यांपैकी काहींनी पुन्हा बायबल उघडले, तारखेचा नवा अर्थ लावला आणि त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. ती आज जगभर आहे, शाळा आणि दवाखाने चालवते आणि आता तारीख सांगत नाही.

हे सगळे ‘त्यांचे’ म्हणून बाजूला सारायला माझे मन धजत नाही. आपल्याकडे ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ला मकर राशीत अष्टग्रही झाली, तेव्हा देशभर यज्ञयाग झाले होते. माझी आजी सांगायची, त्या तीन दिवसांत आमच्या गल्लीत कुणी नवे काम काढले नाही. आजोबा दिवसभर माळ घेऊन बसले. आजीने मात्र पुरण घातले. “जायचंच असलं तर पोटभर खाऊन जाऊ. आणि राहिलोच, तर चौथ्या दिवशी उपाशी का उठायचं?” पाचव्या दिवशी गल्लीतले सगळे एकमेकांकडे बघून ओशाळे हसले. पण ते सगळे मिळून हसले, हे महत्त्वाचे. सगळेच घाबरले होते, त्यामुळे चिडवायला कुणी उरलेच नव्हते. त्या आईच्या वाट्याला मात्र एकटीची भीती आली.

आणि आपल्या मैलारलिंगाचा कार्णिक? हूविनहडगली तालुक्यातल्या मैलारला भारत हुन्निमेच्या जत्रेत उपवास केलेला गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो, लाखभर लोक एका क्षणात गप्प होतात आणि तो एक वाक्य उच्चारून खाली झेपावतो. मैलार म्हणजे आपला खंडोबाच. मग वर्षभर त्या एका वाक्यातून कुणी पाऊस काढतो, कुणी सरकार. उद्या काय होणार, हे ऐकण्यासाठी माणूस कुठल्याही धर्मात श्वास रोखून उभा राहतोच.

मग उद्याच्या भीतीचे करायचे काय? याचे मला पटलेले उत्तर पुन्हा अमेरिकेतच सापडले, तेही मिलरच्या जन्माआधीचे. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंड प्रांतात सकाळीच आभाळ काळवंडले. दुपारी मेणबत्त्या लावाव्या लागल्या. पाखरे गप्प झाली, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. लोकांना वाटले, हाच तो न्यायाचा दिवस. कनेक्टिकटचे विधिमंडळ हार्टफर्डला भरले होते. एका सभागृहाने कामकाज थांबवले. दुसऱ्यातही तशीच मागणी झाली. तेव्हा अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे सदस्य उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा : आज न्यायाचा दिवस असेल किंवा नसेल. नसेल तर सभा उठवायचे कारण नाही, आणि असेल तर देवाने यावे तेव्हा मी माझे काम करताना सापडावे. तेव्हा मेणबत्त्या मागवा. मेणबत्त्या आल्या आणि कामकाज पुढे चालले. तो अंधार दूरच्या रानातल्या वणव्यांचा धूर होता, हे पुढे कॅनडातल्या झाडांच्या खोडांतील जुन्या वलयांच्या अभ्यासातूनही पुढे आले. डेव्हनपोर्टना त्यातले काही माहीत नव्हते. त्यांनी कुणाच्या भीतीची थट्टा केली नाही आणि स्वतःची फाईलही मिटवली नाही. मी वर्गात ही गोष्ट दरवर्षी सांगते. सांगताना दर वेळी पहिल्या बाकाकडे नजर जाते.

२०२३ च्या जूनमध्ये बेळगावच्या बस स्टँडवर खानापूरच्या गाडीची वाट बघत होते. “मॅडम, ओळखलं का?” मागून आवाज आला. मी ओळखले. चष्मा लागला होता, खांद्याला पर्स, हातात शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. ती एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली होती. एक वर्ष मोडले, मग दुसऱ्या कॉलेजातून पदवी, मग बी. एड. हे तिने सहज सांगितले, कसलाही राग न ठेवता. बसमध्ये शेजारी जागा मिळाली. मी म्हटले, “त्या दिवशी मी फार वाईट वागले. साड्यांचं मी पदरचं सांगितलं होतं.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “त्याचं तेवढं नव्हतं, मॅडम. आई लोकांचं घेतलेलं आगाऊ परत देऊन बसली होती, फॉर्मला पैसे नव्हते. मला वाटलं होतं, तुम्ही विचाराल.”

मी विचारले नव्हते. माझी शेवटची तारीख होती ती, आणि मी ती चुकवली होती.

मग तिने बावीस मेची सकाळ सांगितली. आदल्या संध्याकाळी सहाला आई, ती आणि धाकटी बहीण दार लावून बसल्या होत्या. वडील गोव्याला बांधकामावर. सात वाजले, आठ वाजले. आईने काही न बोलता स्टोव्ह पेटवला. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती घराबाहेर पडेना. नळावर बायका हसत होत्या. त्यांच्याच चर्चच्या फादरनी आधी बजावले होते, की तारखेच्या नादी लागू नका, पण तेव्हा ते तिने ऐकले नव्हते, आणि आता त्यांना तोंड कसे दाखवायचे? तिसऱ्या दिवशी शेजारच्या मराठी अक्का दारात आल्या. एका हातात भाकऱ्यांचा डबा, दुसऱ्या हातात तीच ब्लाऊजची कापडे, जी आईने परत केली होती. म्हणाल्या, “अगं, लग्न पुढच्या आठवड्यात आहे. दुसरीकडं दिलं तर गळा बिघडवून ठेवतील. होईल न्हवं?” बाकी एक शब्द नाही. आईने मशीनवरची चादर काढली.

“आणि आई आता कशी आहे?” मी विचारले.

“आई गेली, मॅडम. २०२१ च्या मेमध्ये. कोरोनात. चार दिवसांत गेली.”

मला काय बोलावे सुचेना. तीच पुढे म्हणाली, “तिनं परत कधी तारीख काढली नाही. पण येणार म्हणायची. रोज रात्री झोपताना सगळी कापडं घडी करून ठेवायची. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. कुणाचं, माप काय, आगाऊ किती आलंय, काय शिवायचं राहिलंय. मी म्हणायची, सकाळी कर की गं. तर म्हणायची, कुणाचं काही राहायला नको. ती गेल्यावर आम्हाला शुद्ध नव्हती. पंधरा दिवसांनी अक्का आणि मी कपाट उघडलं. एकोणीस गाठोडी होती. एकाचीही चूक नाही, मॅडम. चिठ्ठ्या बघून अक्कांनी घरोघर पोचवली.”

तिचे गाव आले. वह्या सावरत ती उतरली आणि खालून हात केला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे एक वर्णन आहे. तिथे राजा तारखेचा हिशेब कुणाला विचारत नाही. भुकेल्याला कुणी जेवू घातले, उघड्याला कुणी पांघरूण दिले, आजाऱ्याकडे कोण गेले, एवढेच तो विचारतो. आणि ज्यांनी केले त्यांना आपण काही केले याची आठवणही नसते. मला अक्कांचा भाकऱ्यांचा डबा दिसला. अक्का ख्रिस्ती नाहीत आणि हे पुस्तक त्यांनी वाचलेले असण्याचा संभव नाही.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. टेबलावर तीन आठवड्यांपासून न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा होता, कपाटात एका मैत्रिणीची दोन पुस्तके. गठ्ठा संपायला रात्रीचे साडेबारा वाजले. पुस्तकांवर तिच्या नावाची चिठ्ठी टाचून ती दाराजवळ ठेवली आणि झोपले.

परीक्षेचे फॉर्म निघाले, की हल्ली मी वर्गात शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी यादी घेऊन जाते. ज्यांचे नाव नाही, त्यांना बाहेर बोलावून एकेकट्याला विचारते.